गाडी पॉलिशला काढलीय

मी शाळेत मास्तर आहे. सकाळी पोरांना खरं बोलायला शिकवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन खोटं वागायचं, असे अडीच महिने मी काढले. तेही सख्ख्या वडिलांशी. याची लाज वाटायला हवी होती. पण आता लपवून काय उपयोग, मला मजा येत होती.

आमचे आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. त्यांची मोटरसायकल त्यांच्या आधीच निवृत्त व्हायला हवी होती, पण आबा तिला सोडायला तयार नव्हते. बाजार, बँक, तालमीचा कट्टा, सगळीकडे गाडी. कोपऱ्यावरच्या टपरीत तंबाखूची पुडी आणायची तरी किक मारायचे. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे, त्या बाजूचं कडेचं दिसणं बरंच गेलंय, थेंब घाला आणि आजपासून गाडी बंद. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. थेंबांची बाटली खिशात टाकली, बाहेर आले आणि मला म्हणाले, "बस मागं." मी बसलो. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो, पण आबा बस म्हणाले की बसायचं, ही आमच्या घरची रीत आहे.

"आबा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलासा न्हवं?" मी मागून विचारलं.

"थेंब घाला म्हणाला."

"आणि?"

"आणि काय न्हाय."

त्यानंतर आठच दिवसांत गल्लीच्या तोंडाशी धार काढायला आणून बांधलेल्या म्हशीवर त्यांनी गाडी घातली. म्हशीला काही झालं नाही. तिने मान वळवून बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. दुधाची बादली मात्र कलंडली, आबांचा गुडघा फुटला आणि गवळ्याने अर्धा तास जी भाषा काढली, ती माझ्या वर्गातल्या पोरांनी ऐकू नये अशी होती. आबांचं म्हणणं एकच, म्हस आडवी आली. म्हैस दाव्याला बांधलेली होती हे सांगायची कुणाची छाती झाली नाही.

घरी आई माझ्या मागे लागली. "तूच सांग त्यास्नी. तू शिकलेला हायस."

शिकल्याचा आणि आबांना काही सांगण्याचा काय संबंध, ते मला कळलं नाही. मी आपले चोरटे मार्ग धरले. किल्ली लपवली, तर त्यांनी दोन वायरी जोडून गाडी सुरू केली आणि उलट मलाच विचारलं, किल्ली हरवण्याइतका वेंधळा कधीपासून झालास. पेट्रोल काढून घेतलं, तर गाडी ढकलत पंपावर गेले आणि टाकी फुल्ल करून आले. चाकातली हवा सोडली, तर पंप काढून भरली. फिटर माणसापुढे मास्तराचं डोकं चालत नाही.

गणपती बसून उठले आणि मी दिवस मोजायला लागलो. कारण दरवर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी आबा आणि कट्ट्यावरचे त्यांचे दोस्त मोटरसायकली काढून जोतिबाला जातात. आबा सगळ्यांच्या पुढे. घाटाची वळणं, वरून उतरणाऱ्या जीपगाड्या, आणि आबांना डावीकडचं दिसत नाही. ते दिवस जवळ येतील तशी मला झोप लागेना.

एके दिवशी मोबाईलवर कुठला तरी पोरगा दिसला. घरच्या अंगणात बसून मोटरसायकलचे पुढचे शॉकअप घासून आरशासारखे करत होता. गाडी मागे ठोकळ्यावर उभी, पुढचं चाक नाही, शॉकअप नाहीत, नुसता सांगाडा. मी त्या शॉकअपकडे बघतच नव्हतो. मी त्या सांगाड्याकडे बघत होतो. ही गाडी जाणार कुठे? माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मी विषय काढला. "आबा, गाडीचं पुढचं शॉकअप बघितलंसा का? रंग उडून डाग पडल्यात. जोतिबाला जायच्या आधी घासून चकाचक करूया की."

आबांनी कप खाली ठेवला. गाडी दिसायला कशी असावी याबद्दल ते भलतेच हळवे. कारखान्यात असताना इंजिनिअरांच्या गाड्यांना नावं ठेवायचे. "तुला येतंय?" त्यांनी विचारलं.

"मोबाईलवर बघितलंय."

"मोबाईलवर," आबा म्हणाले आणि बाहीने तोंड पुसून उठले. म्हणजे होकार झाला.

घरामागच्या परड्यात आमचं पत्र्याचं शेड आहे. तिथे गाडी लाकडी ओंडक्यावर चढवली. मला जे खोलायला आठवडा लागला असता ते आबांनी अर्ध्या तासात खोललं. शॉकअपची गंमत अशी, की वरची नळी बारीक आणि आधीच चकचकीत असते, तिला हात लावायचा नाही. ती खालच्या जाड ॲल्युमिनियमच्या नळीत वरखाली होते. घासायची ती ही खालची. अशा दोन नळ्या, डावी आणि उजवी, आबांनी तेल पुसून पोत्यावर मांडल्या आणि मला नियम सांगितला.

"ह्यो एकशेवीसचा पॉलिशपेपर, लई खरबरीत, मग दोनशेवीस, मग चारशे, आठशे, हजार, पंधराशे. पाणी लावून घासायचं. एक पेपर आडवा मारला तर पुढचा उभा मारायचा, म्हंजे आधीच्या पेपरची रेघ राहिली असंल तर दिसती. आधीची रेघ गेल्याबिगर पुढचा पेपर हातात घ्यायचा न्हाय. एक रेघ जरी दिसली तरी परत पहिल्यापासनं."

"आणि दिसली न्हाय तर?"

"डोळ्यानं बघायचंच न्हाय. नखानं बघायचं." त्यांनी अंगठ्याचं नख नळीवरून हळू सरकवलं. "हितं अडकतंय बघ."

मला तो नियम फारच आवडला. एक रेघ जरी दिसली तरी परत पहिल्यापासून. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं?

तरी सुरुवातीला मी सरळ वागलो. वाटलं, काम आपोआपच रेंगाळेल. पण आबांना काम रेंगाळवता येत नाही. रोज सकाळी मी शाळेला गेलो की ते घमेल्यात पाणी घेऊन बसायचे. दहा दिवसांत आठशेच्या पेपरवर पोचले. एका संध्याकाळी घरी येऊन बघतो तर नळ्या लख्ख व्हायला लागलेल्या. अजून आठ दिवस, की गाडी उभी. आबा कट्ट्यावर गेले होते. मी शेडमध्ये शिरलो, एकशेवीसचा तुकडा उचलला आणि उजव्या नळीवर एक तिरकी रेघ ओढली. खर्र असा आवाज झाला. पाचवीत असताना हेडमास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला होता, त्यानंतर छातीत असं धडधडलं नव्हतं.

सकाळी आबांचं नख अडकलं. "ह्ये कशानं झालं रं?"

"मांजर असंल," मी दाढी करता करता म्हणालो.

"मांजराची नखं एकशेवीस नंबरची असत्यात व्हय?"

मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं नाही. ते घमेलं घेऊन परड्यात गेले. पहिल्यापासून.

मग आमचं तंत्रच बसलं. तीन-चार दिवस आबांनी घासायचं आणि एका संध्याकाळी मी रेघ पाडायची. आईला मी विश्वासात घेतलं. ती मागच्या दाराशी सूप घेऊन शेंगा फोडत बसायची आणि गल्लीत आबा दिसले की खोकायची. तिचा खोकला इतका खरा होता, की बायकोने एकदा तिला काढा करून दिला. आईने तो निमूटपणे प्यायला. कधी कधी डाव्या नळीवर मला न आठवणाऱ्या रेघा दिसायच्या. वाटायचं, घाईघाईत आपलाच हात जरा जास्त चालला असेल.

रेघांचं कारण मांजरावरून पुढे उंदरावर गेलं, उंदरावरून पत्र्यातून पडणाऱ्या चुन्यावर. चुन्याने ॲल्युमिनियमला रेघ पडत नाही, हे फिटर माणसाला सांगायला नको. पण आबा हुं म्हणायचे आणि पुन्हा घासायचे. मला वाटायचं, म्हातारा आता थकला, पूर्वीसारखा चौकस राहिला नाही. त्याचं मनातून वाईटही वाटायचं.

बाहेर मात्र आबांचा थाट वाढला होता. कट्ट्यावर कुणी विचारलं, गाडी कुठाय, तर म्हणायचे, "गाडी पॉलिशला काढलीय. पोरगं मागं लागलंय, आरसा करायचा म्हणून." आमच्या कोल्हापुरात गाडी बिघडलीय म्हटलं तर लोक कीव करतात, पण पॉलिशला काढलीय म्हटलं तर मान मिळतो. आबा चालत बाजाराला जायला लागले. बँकेत मी स्कूटरवरून सोडायला लागलो. अडीच महिन्यांत ना म्हैस, ना बादली, ना गुडघा. आईचा चेहरा उजळला. माझं गणित सोपं होतं. जोतिबाचा रविवार जाईपर्यंत रेघा पाडत राहायच्या, पुढचं पुढे.

पण आमच्याकडे माणसाला एक वेळ शत्रूपासून वाचता येतं, मदत करणाऱ्यापासून वाचता येत नाही. जोतिबाला आठ दिवस उरले असताना एका शनिवारी कट्ट्यावरचे एक काका दारात हजर झाले. आबांचे जुने दोस्त. आयुष्यभर बफिंगचा धंदा केलेला, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकावर धातू घासून चमक आणायची. धंदा पोरांना दिला तरी एक मोटर त्यांनी घरामागे ठेवली होती.

"अडीच म्हैनं?" काका परड्यात उभे राहून म्हणाले. "आरं, अडीच म्हैन्यात मी अख्ख्या देवळाचा पत्रा चमकवला असता. आन हिकडं."

मी मध्ये पडलो. "काका, राहू द्या. आम्ही हाताने करतोय, हौसेनं."

"मास्तर, हौस पुरे झाली. पुढच्या रविवारी तुमचा बा म्होरं पायजे. त्येच्याबिगर मजा न्हाय." काकांनी दोन्ही नळ्या टॉवेलमध्ये गुंडाळून काखेत मारल्या आणि गेले. मी आबांकडे बघितलं. ते रिकामं पोतं झटकत होते. दोस्ताच्या मदतीला नको म्हणणं त्यांच्या रक्तातच नाही.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी काका नळ्या घेऊन आले. टॉवेल उलगडला आणि आमचं अख्खं घर त्यात दिसलं. मला माझ्या नाकातले केस दिसले. आबांनी नख फिरवलं, एकदा, दोनदा. कुठेच अडकलं नाही.

"झालं की काम," काका म्हणाले. "उद्या सांच्याला शॉकअपचं सील आन तेल घिऊन येतो. दोघं मिळून जोडू. पुढच्या रविवारी घाटात म्होरं तू."

आबा हसले. ते हसू मला जरा आखडलेलं वाटलं, पण त्या वेळी मी स्वतःच्याच घोरात होतो. उद्या संध्याकाळी गाडी जोडली गेली की संपलं. घाटातलं एकेक वळण माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं.

सोमवारी मी शाळेत पोटदुखीचं कारण सांगून अर्धी रजा टाकली. येताना हार्डवेअरच्या दुकानातून ऐंशी नंबरचा पेपर घेतला. ऐंशी म्हणजे दगडच. त्याने पाडलेल्या रेघा बफिंगला दाद देत नाहीत. पुन्हा सगळे पेपर आणि किमान आठ दिवस. दुपारी तीनला मी मागच्या बाजूने परड्यात शिरलो. आई दाराशी शेंगा फोडत बसली होती. मला बघताच ती जोरात खोकली.

मी थबकलो. गल्लीत बघितलं, आबा नव्हते. मी तिला खुणेने विचारलं, काय? ती सूप सोडून आणखी जोरात खोकली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि तिचे डोळे शेडकडे होते. मी दार ढकललं.

आबा पोत्यावर बसले होते. मांडीवर ती आरशासारखी डावी नळी, आणि हातात खरबरीत पेपर. नळीचा निम्मा भाग पांढरा फटक झाला होता. आई कुणासाठी खोकत होती ते मला तेव्हा कळलं.

आबांनी वर बघितलं. चोरी पकडली गेल्यावर माझ्या वर्गातली पोरं बघतात तसं बघितलं नाही. पेपर पाण्यात बुडवला आणि म्हणाले, "आत ये आन दार लाव."

मी दार लावलं. "कधीपासनं?" मी विचारलं.

"तुझ्या दुसऱ्या रेघेपासनं."

"म्हंजे तुम्हाला ठावं हुतं?"

"लेका, चाळीस वर्सं फिटर हुतो मी. तुझी रेघ उजवीकडनं वर चढती आन शेवटाला हलकी पडती. भ्यालेल्या माणसाची रेघ. मांजर म्हणं." त्यांनी नळी फिरवली. "तू उजवी खराब करत हुतास, मी डावी करत हुतो. तुला नीट जमंना, म्हणून."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यात अडकलं. "मग सरळ सांगायचं की आबा, गाडी नको म्हणून. आम्ही काय हसलो असतो?"

"तुम्हास्नी काय सांगायचं? कट्ट्यावर सांगायला लागतंय. गाडी सोडली म्हटलं की दुसऱ्या दिशी काठी आणून देत्याल, तिसऱ्या दिशी जपमाळ." ते थोडा वेळ घासत राहिले. मग खालीच बघत म्हणाले, "डावीकडनं येणारं मला दिसत न्हाय रं. काय नसतंय, काय नसतंय, आन एकदम म्होरं हुबं ऱ्हातंय. किक मारताना भ्या वाटतंय."

भ्या हा शब्द मी आबांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. कारखान्यात त्यांचं बोट मशीनमध्ये गेलं होतं, तेव्हाही ते डबा पूर्ण खाऊन मगच दवाखान्यात गेले होते. मला रडू यायला लागलं. या माणसाला आपण अडीच महिने फसवतोय म्हणून मी खूश होतो, आणि तो बिचारा माझ्याच खोटेपणाच्या आडोशाला येऊन बसला होता. मला त्यांची फार माया आली.

"आता नाक वढू नको," आबा म्हणाले. "खिशात काय हाय? पेपर? किती नंबर?"

"ऐंशी."

"शाब्बास. आन मी हितं एकशेवीसनं तासभर मरतोय. आण हिकडं." त्यांनी पेपर मधोमध फाडला आणि अर्धा मला दिला. उजवी नळी पायाने माझ्याकडे सरकवली. "ती तू घे. उभ्या-आडव्या दोन्ही मार. आन एका लयीत मारू नको, अडाण्यानं केल्यागत दिसलं पायजे. बफवाला हाय त्यो, त्येला कळंल."

मी मांडी घालून बसलो. "काकांना काय सांगायचं?"

"पोरानं केलं म्हणून सांगायचं. आनखी चकाकी आणतो म्हणाला आन वाट लावली."

"म्हंजे माझ्यावर?"

"मग काय माझ्यावर? मी फिटर हाय. माझ्या हातनं बिघडलं म्हटलं तर कोण इस्वास ठिवंल?"

तासभर आम्ही दोघं समोरासमोर बसून ती नितळ चमक खरवडून काढत होतो. आबा मध्येच माझा हात धरून दाखवायचे, असं न्हाय, असं. लहानपणी त्यांनी मला कधी काही हात धरून शिकवलं नव्हतं, त्यांची कारखान्यात सारखी पाळी असायची. ते त्रेचाळिसाव्या वर्षी शिकवलं, आणि शिकवलं काय, तर केलेलं काम बिघडवायला.

संध्याकाळी काका सील आणि तेल घेऊन आले. नळ्या बघून त्यांनी डोक्याला हात लावला आणि पायरीवर बसले. "मास्तर, ह्ये काय केलासा?" एवढंच म्हणाले. त्यांच्या कष्टाचं मला खरंच वाईट वाटलं. मी मान खाली घालून, मोबाईलवर बघितलं होतं, असं काहीतरी पुटपुटलो. आबा मागे उभे राहून माझ्या नावाने च्क च्क करत होते. शेवटी काकाच आबांना म्हणाले, "जाऊ दे आता. या येळंला माझ्या मागं बस."

रविवारी सकाळी तालमीच्या कट्ट्यावर सगळे जमले. पाच-सहा गाड्या, प्रत्येकाच्या गळ्यात मफलर. मी आबांना सोडायला गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा आबा दुसऱ्याच्या मागे बसणार होते, आणि सगळे बघत होते. काकांनी गाडी सुरू केली तशी आबांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. असलं पोर जन्माला घालण्यापेक्षा दोन म्हशी पाळल्या असत्या तर बरं झालं असतं, इथून सुरुवात केली. शिकून माती केली, हाताला वळण नाही, याच्यामुळे आज मला मागे बसायची पाळी आली, असं पार कट्ट्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. कट्टा हसत होता. कुणी म्हणालं, मास्तर, जरा खडूच धरा हातात. मी ओशाळून ऐकून घेतलं. शिव्या इतक्या मनापासून होत्या, की मध्ये एकदा मलाच वाटलं, खरंच आपण चुकलो.

शिव्या देता देता आबांनी एक हात माझ्या खांद्यावर टाकला. मागच्या सीटवर पाय टाकायला त्यांना आधार लागत होता, आणि डावीकडचं, पाय ठेवायचं फुटरेस्ट कुठे आहे ते दिसत नव्हतं. मी जरा पुढे सरकलो. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला, पाय पलीकडे गेला, ते नीट बसले. शिव्या संपल्या. काकांनी गिअर टाकला तरी तो हात खांद्यावरच होता.